रेषेवर नाव घ्यायचं नाही

मला पिस्तुलाची भीती वाटत नाही. आमच्या आयडाहोत ज्या घरात बटाटे असतात त्या घरात एखादं हत्यारही असतं, त्याला घाबरत बसलं तर संसार करायचा कसा? मला भीती वाटते ती माझ्या मुलीची. ब्रिन एकोणीस वर्षांची आहे आणि तिला जगातली कुठलीही गोष्ट हळू करता येत नाही. जेवणं भराभर, बोलणं भराभर, गाडी चालवणं तर विचारूच नका. अशा मुलीने एका संध्याकाळी ताटात बटाटे वाढून घेता घेता सांगून टाकलं की तिला पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरायचंय. कमरेचं पिस्तूल काढायचं, धावत सुटायचं, पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडायच्या आणि कोण किती लवकर ते घड्याळाने मोजायचं. 

"अगं, क्लबवाले काय कुणालाही असं सोडत नाहीत," माझा नवरा रेक्स म्हणाला. "नव्या माणसाला आधी होल्स्टरचा वर्ग करावा लागतो. त्यात पास झाल्याशिवाय स्पर्धेला उभंच करत नाहीत."

"होल्स्टरचा वर्ग? कमरेला पिस्तुलाची पिशवी लावायची, त्याला वर्ग कसला?"

"झाडताना माणूस सावध असतो, व्हर्ला. ठेवताना नसतो. पायात गोळी घुसते ती ठेवताना."

एवढं गोड बोलून तो ट्रक घेऊन बीट आणायला निघून गेला. ऑक्टोबरात शेतातलं बीट निघायला लागलं आणि साखर कारखाना सुरू झाला की आमच्याकडचे नवरे घरी फक्त झोपायला येतात. मग मीच क्लबला फोन केला आणि ब्रिनच्या बरोबर माझंही नाव घातलं.

"तू?" ब्रिन हसत सुटली. "आई, तू शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवतेस. पिस्तूल काय फिरवणार?"

"तीनशे पोरांच्या ताटात न सांडता वाढते मी. माझा नेम तुझ्यापेक्षा चांगला आहे."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. ती जिथं कुठं हे करणार होती तिथं मला ती डोळ्यांसमोर हवी होती, बस्स.

शनिवारी सकाळी निघालो तेव्हा बोचरा वारा सुटला होता. ब्रिन नुसत्या शर्टावर गाडीत येऊन बसली. मी तिला परत घरात पाठवलं आणि जॅकेट घालायला लावलं. "त्यात हात नीट हलत नाहीत," ती कुरकुरली. "गारठून थरथरणारा हात जास्त चांगला हलतो का?" मी म्हटलं. वाटेत तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं काही वाटलं नाही, जॅकेट अंगात होतं ना.

क्लबचं मैदान गावाबाहेर, काळ्या दगडांच्या माळावर. तीन बाजूंना मातीचे उंच बांध घातलेले, मधे खडीची जमीन, समोर पुठ्ठ्याची माणसं. वर्ग घेणारे ओरिन टॉलिव्हर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, वाळके, मान थोडी पुढे काढून चालणारे. आमच्या चर्चमधलेच, जिथं सगळे एकमेकांना ब्रदर नाहीतर सिस्टर म्हणतात. मी सवयीने "ब्रदर टॉलिव्हर" म्हणून हात पुढे केला.

"ब्रदर रविवारी," ते म्हणाले. "शनिवारी ओरिन. इथं प्रार्थना कमी आणि कान जास्त लागतात."

नवशिके आम्ही सहाजण होतो. त्यातला लक्षात राहण्यासारखा एकच, कोल्टन नावाचा दाढीवाला तरुण, ज्याने कपडे, चष्मा, टोपी सगळं स्पर्धेचं विकत घेतलं होतं, फक्त स्पर्धा तेवढी बाकी होती. ओरिननी पहिल्यांदा सगळ्यांची रिकामी होल्स्टरं तपासली. कोल्टनचं मऊ कापडाचं होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरून वर केलं, त्याचं तोंड लगेच मिटलं.

"हे काय आहे?"

"होल्स्टर," कोल्टन म्हणाला. "ऑनलाइन पाच तारे आहेत त्याला."

"तारे रात्री बघ. ज्याचं तोंड आपोआप मिटतं ते होल्स्टर नव्हे, मोजा आहे. पिस्तूल आत घालताना ती कड दुमडते, दुमडलेली कड चापावर बसते, आणि मग तू घरी एका पायाने जातोस." त्यांनी क्लबच्या पेटीतून त्याला एक कडक प्लास्टिकचं काढून दिलं. सगळे हसले. मी हसले नाही. मी त्या मिटलेल्या तोंडाकडेच बघत होते.

ते जे शिकवत होते ते ऐकायला सोपं होतं. होल्स्टर कमरेच्या बाजूला, चाप पूर्ण झाकणारं. पिस्तुलाला हात लावायचा तो फक्त गोळी झाडायच्या रेषेवर उभं राहून, त्यांनी सांगितल्यावर. एरवी ते कमरेला आहे हे विसरायचं. ठेवताना डावा हात छातीवर, बोट चापाच्या बाहेर सरळ, आणि नजर होल्स्टरच्या तोंडात. "समोरच्या पुठ्ठ्यात नाही. माझ्या देखण्या चेहऱ्यातही नाही. होल्स्टरमध्ये. आधी डोळ्याने ठेवा, मग हाताने. काढताना घड्याळ चालू असतं, ठेवताना बंद. लवकर ठेवलं म्हणून आजवर कुणाला बक्षीस मिळालेलं नाही."

मग त्यांनी रिकाम्या पिस्तुलांवर सराव करून घेतला. काढा, रोखा, ठेवा. पुन्हा काढा. ब्रिनचा हात असा काही चालत होता की कोल्टनही बघत राहिला. रेक्सची दोन सारखी पिस्तुलं आम्ही आणली होती, प्लास्टिकच्या मुठीची, सुरक्षेचा वेगळा खटका नसलेली. चाप दाबला की गोळी, एवढंच त्यांना कळतं. माझ्या हातात ते विटेसारखं वाटत होतं. तिच्या हातात चमच्यासारखं.

ती पिस्तूल रोखून उभी असताना ओरिन एकदम मागून ओरडले, "ब्रिन!"

ब्रिन वळली. मान वळली, मानेमागून खांदा, खांद्यामागून दोन्ही हात, आणि त्या रिकाम्या पिस्तुलाची नळी आमच्या सगळ्यांच्या पोटांवरून फिरून कोल्टनपाशी थांबली. कोल्टनने पोट आत घेतलं.

कुणी हसलं नाही. ब्रिनचे कान लाल झाले.

"स्पर्धेत असतीस तर आत्ता बाद होऊन घरी गेली असतीस," ओरिन शांतपणे म्हणाले. "चूक तुझी नाही, मी मुद्दाम केलं. नाव ऐकलं की माणूस वळतो. पाळण्यात असल्यापासून वळतो. म्हणून रेषेवर नाव घ्यायचं नाही. बायको असो, पोरगं असो, कुणाचंही. काही वावगं दिसलं तर शब्द एकच, 'थांब'. तो मीच ओरडायला पाहिजे असं नाही, ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. आणि तो कानावर पडला की होतात तिथं दगड व्हायचं. मागं बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही."

त्यांनी आम्हाला तो शब्द मोठ्याने ओरडायला लावला. माझ्या घशातून तो नीट निघेना. आयुष्यात मी या मुलीला थांबवलं ते नाव घेऊनच. तापलेल्या शेगडीजवळ गेली, ब्रिन! कालव्याच्या कडेला गेली, ब्रिन! दर वेळी ती वळली आणि दर वेळी तेवढ्यानेच वाचली. दुसरा शब्द मला कधी लागलाच नव्हता.

त्यानंतर खऱ्या गोळ्या आल्या.

एकेकाने रेषेवर जायचं, पिस्तूल भरायचं, भरलेलं होल्स्टरमध्ये ठेवायचं आणि हात मोकळे सोडून उभं राहायचं. ओरिन उजव्या खांद्यामागे घड्याळाचं यंत्र घेऊन. ते विचारणार, "तयार?" मग म्हणणार, "लक्ष." मग यंत्र दाबणार, आणि ते लबाड यंत्र लगेच वाजत नाही, मनाला येईल तेव्हा शिट्टी देतं. शिट्टी वाजली की काढायचं आणि झाडायचं. बाकीचे आम्ही मागे, पिवळ्या दोरीच्या अलीकडे.

कोल्टन निभावला. आणखी दोघं निभावले. प्रत्येक आवाजाला माझे खांदे कानापर्यंत जात होते. मग ब्रिन पुढे झाली.

"भर आणि सज्ज हो," ओरिन म्हणाले.

तिने मॅगझिन सारलं. वरचा भाग खेचून सोडला, गोळी आत गेल्याचा आवाज मला मागे ऐकू आला. तेवढ्यात बांधावरून वाऱ्याचा झोत आला, धूळ उडाली, तिचं उघडं जॅकेट फुग्यासारखं फुगलं. ओरिननी तोंड फिरवून बाहीने डोळा पुसला. ब्रिनने पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं. भराभर. नजर समोरच्या पुठ्ठ्यावर.

जॅकेट खाली बसलं. पण नीट बसलं नाही. उजव्या बाजूला त्याची कड होल्स्टरकडे ओढून धरल्यासारखी दिसत होती. त्या जॅकेटच्या कडेत इलास्टिकची दोरी आहे, कमरेपाशी ती दुमडून तिचा फासा बाहेर येतो, आणि फाशाला आवळायचा प्लास्टिकचा मणी आहे. फासा मला दिसत होता. ताणलेला. मणी दिसत नव्हता. फासा पिस्तुलाच्या बाजूने होल्स्टरच्या तोंडात गेला होता.

पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. मणी आत होता. चापापाशी. ओरिनच्या बाजूने जॅकेटची घडी आडवी पडली होती, त्यांना तो फासा दिसणं शक्य नव्हतं. आता शिट्टी वाजणार, ही पोरगी तिच्या त्या चमच्याच्या हाताने पिस्तूल हिसकून वर ओढणार, दोरी मणी धरून ठेवणार आणि मणी चाप. नळी तिच्या मांडीला लागून सरळ खाली. मांडीतली मोठी रक्तवाहिनी, आणि दवाखाना पार ट्विन फॉल्सला.

"तयार?"

ब्रिनने मान हलवली.

"लक्ष."

माझे ओठ मिटले होते ते "ब्रि" म्हणायला. खरं सांगते, ते नाव दातांपर्यंत आलं होतं, अर्धं बाहेर पडलंच होतं. आणि मला ती वळताना दिसली. कंबर पिळून, माझ्याकडे, हसऱ्या तोंडाने, काय गं आई म्हणत. मी ते नाव गिळलं. तसलं कडू मी आयुष्यात काही गिळलेलं नाही.

"थांब!"

आवाज माझा नव्हता, कावळ्याचा होता. त्याच क्षणी शिट्टी वाजली. ओरिननी यंत्र आधीच दाबलं होतं, त्याला थोडंच माझं ओरडणं कळणार? ब्रिनचा हात उडाला. मी तो पिस्तुलाच्या मुठीवर पडलेला पाहिला. बोटं आवळलेली पाहिली.

आणि हात तिथंच राहिला. ती वळली नाही. तिची वेणी वाऱ्यावर हलत होती, बाकी सगळी दगड.

"मूठ सोड," ओरिन म्हणाले. कशासाठी ते त्यांना अजून माहीत नव्हतं. "हळू. वर ओढू नको. बोटं नुसती उघड. आता दोन्ही हात छातीवर. शाब्बास. कोण ओरडलं?"

"मी," मी म्हटलं. "दोरी. जॅकेटची दोरी आत गेली आहे."

त्यांनी वाकून जॅकेटच्या घडीला बोटानेही न शिवता, मान तिरकी करून, खालून बघितलं. बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज आधीपेक्षा मऊ होता, आणि त्या मऊ आवाजानेच माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

"सगळे बांधामागे जा. कोल्टन, प्रथमोपचाराची पिशवी आण, रक्त थांबवायचा पट्टा काढून खडीवर ठेव. मग फोन हातात घेऊन उभा राहा. मी सांगेपर्यंत लावू नको."

"आई?" ब्रिन म्हणाली. समोर बघतच. लहानपणी ताप चढला की निघायचा तसा आवाज. "आई, काय झालंय?"

"काही नाही, दोरी अडकली आहे. हलू नको."

"मग काढ ना ती."

"काढतोय, पोरी," ओरिन म्हणाले. "श्वास घे, पण पोटाने नको. सिस्टर व्हर्ला, तुम्हीसुद्धा मागे व्हा."

"मी नाही जाणार."

"माझ्या मैदानावर माझं ऐकायचं असतं."

"मग ऐकवा कुणालातरी. मी नाही जाणार म्हटलं ना! तुम्हाला हात दोनच आहेत. पिस्तूल वर येऊ नये म्हणून एक दाबून ठेवणार, दोरी ताणली जाऊ नये म्हणून दुसऱ्याने चिमटीत धरणार, मग कापणार काय दातांनी?"

 मग त्यांनी पिशवीतली वाकड्या तोंडाची कात्री उचलून माझ्या हातात दिली. "पुढून येऊ नका. तिच्या मागून, माझ्या डाव्या हाताला. गुडघ्यावर."

मी खडीवर गुडघे टेकले. माझं तोंड माझ्या मुलीच्या कमरेपाशी आलं. तिची पँट थरथरत होती, नुसता तेवढा कपडा, आत पाय किती थरथरत असेल ते त्या कपड्यावरून दिसत होतं. ओरिननी डाव्या हाताचा अंगठा पिस्तुलाच्या पाठीवर ठेवून ते खाली दाबून धरलं. उजव्या हाताने होल्स्टरच्या तोंडाशी दोरी चिमटीत पकडली. इलास्टिक ते, कापल्यावर झटका देणार. तो झटका आत जाऊ नये म्हणून. त्यांच्या नखाखालचं मांस पांढरं पडलं होतं.

"माझ्या बोटांच्या वर. फाशाच्या दोन्ही दोऱ्या, एकेक करून. ओढायचं नाही, फक्त मिटायची कात्री."

मी कात्री उघडली.  मला सगळं आठवू लागलं, नको तेच. हे जॅकेट मी घालायला लावलं. ती नको म्हणत होती. ती नको म्हणत होती आणि मी तिला परत घरात पाठवलं.

"सिस्टर," ओरिन पुटपुटले, "मागाहून रडा. आत्ता कापा."

पहिली दोरी कापली. ब्रिन "आई गं" म्हणाली, पण हलली नाही. दुसरी कापली. जॅकेटची कड सुटून वर उडाली आणि माझ्या गालाला लागली, आणि मला वाटलं झालं, उडाली गोळी. आवाज आला नव्हता. ओरिनची चिमूट तशीच होती.

"आता कमरेचा पट्टा," ते म्हणाले. "बक्कल तुम्ही सोडा."

तिचा पट्टा दुहेरी, आतल्यावर बाहेरचा वेल्क्रोने चिकटलेला. मी बक्कल सोडलं आणि पट्टा उकलायला लागले. त्याचा चर्रर्र आवाज झाला आणि आम्ही तिघंही दचकलो. मी थांबले. पुन्हा थोडा उकलला. पुन्हा थांबले. जुनी पट्टी जखमेवरून काढावी तसं इंच इंच करून अख्खा पट्टा, होल्स्टर आणि त्यातलं भरलेलं पिस्तूल ओरिनच्या हातात आलं. ओरिन ते पुढे धरून, नळी बांधाकडे ठेवून, चालत गेले. गरम पातेलं नेतात तसे, हात लांब करून.

"आता हल," मी ब्रिनला म्हटलं. तिला हलता येईना. मी तिला काखेत धरून मागे ओढत आणलं.

ओरिननी पट्टा बांधाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला, नळी मातीत. एका हाताने होल्स्टर दाबून धरलं, दुसऱ्याने पिस्तुलाची मूठ, आणि अगदी सावकाश, लोण्यातून सुरी काढावी तसं ते बाहेर ओढू लागले. चापावर त्यांचं बोट नव्हतं. ते मी बघत होते, कोल्टन बघत होता. बोट बाहेर, सरळ.

गोळी उडाली. आत राहिलेल्या मण्याने चाप दाबला होता.

बांधाच्या पायथ्याची माती फुटून वर आली आणि ओरिनच्या टोपीवर पडली. बांधामागे कुणीतरी किंचाळलं. ओरिन हलले नाहीत. त्यांनी पिस्तूल पूर्ण बाहेर काढलं, रिकामं केलं, मग जमिनीवर बसले आणि बसूनच राहिले.

ब्रिन माझ्या हातातून घसरून खडीवर बसली. मी तिच्यासमोर बसले आणि तिचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत दाबून बघू लागले. मांडी, गुडघा, पोटरी. पुन्हा वरून. मला कळत होतं की मी वेडेपणा करते आहे, पण हात थांबत नव्हते.

"आई, आहे तो," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे. "सगळा आहे."

"गप्प बस," मी म्हटलं आणि मोठमोठ्याने रडायला लागले.

बऱ्याच वेळाने ओरिन आमच्याजवळ आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "डोळ्यात धूळ गेली होती तर आधी डोळा साफ करायचा आणि मग विचारायचं, तयार का म्हणून. मी न बघता विचारलं."

"जॅकेट मी घालायला लावलं," मी म्हटलं.

"मी होल्स्टरकडे बघितलं नाही," ब्रिन म्हणाली. मग नाक पुसून उठली. तिने ते जॅकेट काढलं, शर्ट पँटमध्ये नीट खोचला. "आता परत करायचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय करायचं?"

"तेच. भरून, होल्स्टरमध्ये ठेवून."

"घरी चल. गाडीत बस आधी."

"आई, आत्ता घरी गेले तर पुन्हा कधी हात लावायची नाही मी."

"नको लावू! कोण म्हणतंय लाव म्हणून? तुझ्या बापाला मी आज..."  मी ओरिनकडे वळले. "तुम्ही सांगा तिला. तुमचं मैदान आहे ना?"

 ओरिन तिच्या हातांकडे बघत होते. "आधी रिकाम्या पिस्तुलावर," शेवटी म्हणाले. "मी पुरे म्हणेपर्यंत. एकदा जरी नजर होल्स्टरवरून हलली, तर आज नाही. सिस्टर, तुम्ही गाडीत बसलात तरी चालेल."

"गाडीत बसायला आले नाही मी," मी म्हटलं.

तिने रिकाम्यावर केलं. कितीतरी वेळा. हे पिस्तूल माझं होतं, मला तर आता ते बघायलाही नको होतं. दर वेळी ती थांबायची, मान खाली घालायची, होल्स्टरच्या तोंडात बघायची, मग ठेवायची. इतकी सावकाश गोष्ट करताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. ओरिन तिच्या बाजूला वाकून, नाक जवळजवळ होल्स्टरला लावून उभे होते. मग ते म्हणाले, "एकच गोळी," आणि मॅगझिनमध्ये एकच गोळी घातली.

मी पिवळ्या दोरीपाशी उभी होते. बांधामागून बाकीचे आले होते. मी मनाशी ठरवलं होतं की पापणीसुद्धा लवू द्यायची नाही. मघाशी मी बघितलं म्हणून वाचली ना ती? मग आताही बघायचं. मीच बघायचं.

"भर आणि सज्ज हो."

तिने भरलं. तिची मान खाली झाली, पिस्तूल होल्स्टरकडे निघालं, आणि मला त्या मातीचा फवारा दिसला, फक्त आता तो मातीचा नव्हता. मी डोळे मिटले.

"तयार?" ऐकू आलं. "लक्ष." मग शिट्टी. मग आवाज. मी दोरी घट्ट धरली. मग ओरिनचा आवाज, "रिकामं कर, दाखव. ठीक. ठेव. मैदान मोकळं."

डोळे उघडले तेव्हा ब्रिन माझ्यासमोर उभी होती. दोन्ही पायांवर. चेहरा घामाने भिजलेला, त्या गारठ्यात.

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली. "पण म्हटलं, तू बघते आहेस. बघत होतीस ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! ओरिन मागून आमच्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "डोळे मिटले होते मी. नाही बघवलं."

तिचा चेहरा एकदम लहान झाला.  तिने वळून रेषेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग परत करते," ती म्हणाली. "या वेळी बघ."

ती चालत रेषेवर गेली आणि पाठमोरी उभी राहिली. ओरिननी तिच्या हातावर आणखी एक गोळी ठेवली. मी दोरी सोडली आणि डोळे उघडे ठेवले.